घोरपडीच्या बाजूने

"अक्षराला अक्षर सारखं ठेव, बेटा," ज्ञानोबाकाका म्हणाले. "जो तो मनाचं लिहायला लागला की मुद्दा हरवतो. मजकूर मी देतो. तू फक्त माणसं जमव."

काका अक्षयाच्या तालुक्यातले. दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात अधिकारी, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. कायद्याची भाषा कळणारा माणूस घरचाच मिळाला, म्हणून तिला बरं वाटलं होतं. वन्यजीव कायद्याच्या नव्या मसुद्यात घोरपड मारणाऱ्याला दंड भरून सुटू देणारं कलम होतं. हरकती पाठवायला साठ दिवस होते.

अक्षया प्राणिशास्त्राची. 'नशीब उघडणारी मुळी' म्हणून बाजारात विकतात ती वस्तू तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. ती मुळी नव्हतीच. नर घोरपडीचं कापून वाळवलेलं लिंग होतं. तेव्हापासून तिचं डोकं तापलेलंच होतं.

मुनिरकातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या तिने पालथ्या घातल्या. शेजारचा संघपाल, यूपीएससीचा तिसरा प्रयत्न, दोन पानं लिहून घेऊन आला. त्याच्या गावच्या बांधावरचं खणलेलं बीळ, कुत्र्यांनी ओढून काढलेली मादी, फुटलेली अंडी, तक्रार घ्यायच्या ऐवजी हसलेला हवालदार. सगळं तारखांसकट.

"हे नको. काकांचाच मजकूर पाठव."

"यार, त्यात माझी घोरपड कुठाय?"

"आकडा हवाय, संघपाल. निबंध नकोय."

"अच्छा. मग मीही एक आकडा." त्याने पानं फाडली आणि काकांचा मजकूर जसाच्या तसा पाठवून दिला.

साठाव्या दिवशी चार हजार दोनशे तेरा पत्रं झाली. काकांच्या बायकोने, इंदुमतीकाकूंनी, सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. कलम कायम. 'बाजूने: दोन पत्रे. विरोधात: एक हरकत.' खाली बारीक अक्षरात टीप होती: एकाच मजकुराची सर्व पत्रे मिळून एक हरकत धरली आहे.

अक्षया तडक लक्ष्मीबाई नगरात गेली. चपलाही न काढता तिने अहवाल काकांपुढे आपटला.

"चार हजार माणसांचं एक केलं, काका. कुठल्या नालायकाने हा नियम काढला? मला नाव हवंय."

काकांनी कागद सरळ केला, वाचला आणि परत दिला.

"नियम जुनाच आहे, बेटा. दंडाचं ते कलम मी लिहिलं, तेव्हाच तो बघून ठेवला होता."