आत्यावर गेली

खोटं लिहिलंत तुम्ही, क्रीडा समितीच्या साहेबांनो. पोरीचं रक्त काढलंत, कपडे उतरवून तिला न्याहाळलंत, आणि वर पत्रात लिहिलंत, 'आपल्याच हितासाठी'. लाज वाटली नाही?

घरात सगळ्यांत उंच, तरी तिला बारकीच म्हणत. आठशे मीटर पळायची. तुमचं पत्र आल्यापासून नऊ दिवस ती हसली नव्हती. आज आत्याच्या टायरच्या दुकानात तुमचा फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती. तुमचं म्हणणं, अंगात टेस्टोस्टेरॉन, ते पुरुषी संप्रेरक, जन्मतःच जास्त. ते कमी करायच्या गोळ्या घ्या, तरच बायकांत पळा. तळाशी छापलं होतं : 'गोळ्या घेण्यास तयार आहे / नाही. नको ते खोडावे.' फॉर्म आजच्याच टपालानं जायला हवा होता.

"घेऊन टाक गोळ्या," बाबा म्हणाले. "एवढी वर्षं घाम गाळलास, तो पाण्यात घालणार का?"

आत्या टबात ट्यूब दाबून बुडबुडा शोधत होती. आला नाही. तिनं ट्यूब झटकून खुंटीला लावली.

"पंक्चर नाही त्याला ठिगळ कसलं लावायचं?"

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"दुकान माझं, भाची माझी. मध्येच आहे मी. बारके, अजून काय विचारतात?"

"'प्रमाण जास्त असण्याचे कारण.'"

"लिही, आत्यावर गेली."

बारकीनं मान वर केली. आत्या ट्रकचं चाक एकटीनं उभं करत होती. हनुवटीवरचे चार केस उन्हात चमकत होते.

"फोनवर गिऱ्हाईक मला काका म्हणतं," आत्या म्हणाली. "मीही म्हणते, बोल पुतण्या."

बारकीला हसू फुटलं. पेन हातातून निसटून टबात पडलं. ते काढून, पुसून, झटकून तिनं खरंच लिहिलं : आत्यावर गेली. मग 'आहे'वर अशी रेघ ओढली की कागद फाटला.

बाबांचा चेहरा उतरला. "गेली शर्यत."

"त्यांची गेली. पाय इथंच आहेत, बाबा."

"टपाल सुटायला पाच मिनिटं राहिलीत. थांब, स्कूटर काढतो."

बाबांनी खिसे चाचपले, गल्ला उपसला, टायरांच्या चळतीमागं वाकून पाहिलं. किल्ली सापडली तेव्हा बारकी टपाल टाकून दारात परत उभी होती. गाल लाल, वेणी सुटलेली, हसू कानापर्यंत. बाबा टायरावर बसून धापा टाकत होते.

आत्यानं आधी भावाकडं पाहिलं, मग भाचीकडं.

"बारके, दुसरा कागद घे. एक विचारायचं राहिलंच."

"परत पळू?"

"पळशील. आधी लिही. ह्या पोरीच्या बापाच्या अंगात ते टेस्टो का काय, ते तिच्याहून जास्तच असणार. पुरुष आहे ना तो. त्याला किल्ली शोधताना दम लागतो."

"ताई," बाबा म्हणाले; पण आता तेही हसत होते.

"लिहिलंस? आता पुढं लिही. मग पळतं कोण? ते रसायन, की आमची पोरगी? उलट टपाली उत्तर द्या."