क्षितिजाचा फोटो आला का?

"मी शिबिराला जाणार नाही," ऋतिका म्हणाली आणि भरलेली पिशवी तिनं जमिनीवर आदळली.

दहावीच्या वर्गाचं तीन दिवसांचं अभ्यास शिबिर मुठा गावाजवळच्या एका शेतघरात होतं. फोन आणायचा नाही, पिशव्या तपासल्या जातील, असं शाळेनं बजावलं होतं. हेमलताला ते वाचूनच बरं वाटलं होतं.

"कारण तरी कळू दे."

"स्ट्रीक तुटेल."

हेमलतानं कपाळाला हात लावला. दिवाळीपासून लेकीचा फोन तिच्या ताब्यात होता. परीक्षा संपेपर्यंत मिळणार नाही म्हटल्यावर ऋतिकानं एकच अट घातली होती : रोज माझ्या मैत्रिणीला, क्षितिजाला, माझ्या नावानं एक फोटो पाठवायचा. कसलाही पाठव, भिंतीचा पाठव, पण शब्द लिहायचा नाही. दोघींनी रोज एकमेकींना फोटो पाठवला की नावापुढचा आकडा एकानं वाढतो. एकीनं जरी चुकवलं तरी थोडी मुदत मिळते, मग सगळं शून्य. त्यालाच स्ट्रीक म्हणायचं. आकडा दोनशे तेरावर होता.

"अगं, मी पाठवते ना! एक दिवस तरी चुकले का?"

"तू पाठवशील गं. पण तिचा नाही आला तर?"

"का नाही येणार? तिची शाळा वेगळी. ती थोडीच येतेय तुझ्या शिबिराला?"

ऋतिका काहीतरी बोलणार होती. मग पिशवी उचलून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली आणि ती मागे न बघता चढली.

"पोर न्हाई तर घर कसं गप झालंय बाई," चांगुणा म्हणाली. भरे गावातून ती रोज धुण्याभांड्याला यायची. "पर आसती तवा तरी कुटं बोलती म्हना! शाळंतनं आली की दार लावून बसती. तिला दोस्तीन हाय का न्हाई कुनी?"

"आहे तर! क्षितिजा. क्लासला ओळख झाली."

"मग कवा घरी आली न्हाई ती?"

"आताच्या मुलींची मैत्री फोनवरच असते."

"व्हय का? आमी आपलं येडं. दोस्तीन म्हनलं की तिच्या घरात घुसून च्या पितो." चांगुणा खो खो हसली आणि भांड्यांकडे वळली.

हेमलताला ते झोंबलं. परभणी सोडून मे महिन्यात इथं घोटावड्याच्या बाजूला बिऱ्हाड आणलं, तेव्हापासून तिच्या घरी तरी चहाला कोण आलं होतं? सोसायटीत लिफ्टमध्ये हसायचं, संपलं. नवरा, दिग्विजय, हिंजवडीला नोकरीला. तो घरी यायचा तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण नसायचं.

खरं सांगायचं तर ती क्षितिजाच्या फोटोची वाट बघायला लागली होती. रोज साडेचारच्या सुमाराला यायचा. कधी पंखा, कधी खिडकीतलं आभाळ. पाहिला की पुसला जायचा. एकदा ऋतिकाशी कडाक्याचं भांडण झालं आणि त्या तिरमिरीत तव्याला हात लागला. हेमलतानं भाजलेल्या बोटांचाच फोटो पाठवून दिला. पाच मिनिटांत उत्तर आलं : मलमाच्या ट्यूबचा फोटो, त्यावर बोटानं काढलेला वेडावाकडा बदाम. हेमलता ओट्याशी उभी राहून रडली. कुण्या परक्या पोरीला माझं दुखणं कळलं आणि पोटची पोर आत दार लावून बसलीय, असं तिला वाटलं.

शिबिराच्या पहिल्या दिवशी साडेचार वाजले. फोटो आला नाही. सहा वाजले, नाही. हेमलतानं तुळशीचा पाठवला, समोरच्या डोंगराचा पाठवला. तिकडून काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकड्याशेजारी वाळूचं घड्याळ दिसायला लागलं. म्हणजे आता थोडाच वेळ उरला. हेमलता दर पाच मिनिटांनी फोन बघू लागली. आजारी असेल का क्षितिजा? रागावली असेल? परक्या ठिकाणी आपल्या लेकीनं एवढं एकच माणूस जोडलं होतं. उद्या घरी येऊन ती पहिलं विचारणार, क्षितिजाचा फोटो आला का? काय सांगायचं?

शेवटी तिनं अट मोडली. लिहिलं : "बाळ क्षितिजा, मी ऋतिकाची आई. रागावली असशील तर माझ्यावर रागाव, पण आज फोटो पाठव गं. तिला तुझ्याशिवाय इथं कुणी नाही."

दहा मिनिटं गेली. उत्तर नाही. अॅपमध्ये फोन नंबरही नव्हता. क्लासच्या वहीत कुठंतरी लिहिलेला असेल, म्हणून ती ऋतिकाच्या खोलीत गेली. वह्या चाळल्या, खण उपसले. मग कपाट उघडलं. स्वेटरांच्या मागून चार्जरची वायर बाहेर आली होती. तिनं ती ओढली. टोकाला दिग्विजयचा जुना फोन होता, कोपरा फुटलेला, घर बदलताना हरवला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला.

हेमलतानं बटण दाबलं. तेच अॅप उघडलं. खातं क्षितिजाच्या नावाचं होतं, मैत्रिणींच्या यादीत एकटी ऋतिका, आणि तिच्याकडून नुकताच आलेला, अजून कुणी न वाचलेला एक निरोप : "बाळ क्षितिजा, मी ऋतिकाची आई."