तार लावायची तीन मिनिटं

"नेरिडाचा तुकडा आज गाळलाय," मैफलीचा संयोजक लॉकलन म्हणाला आणि वर हसला.

थीआ गजाला राळ चोळत होती. तिचा हात थांबला. होबार्टच्या त्या जुन्या चर्चमागच्या खोलीत तिचा डबल बेस, व्हायोलिनच्या घराण्यातलं ते माणसाहून उंच वाद्य, कुशीवर निजवला होता. बाहेर लोक येऊन बसत होते. मैफल रेडिओवरून थेट जाणार होती आणि सुरू व्हायला दहा मिनिटं होती. लॉकलनच्या हातात कार्यक्रमाचे छापील कागद होते. म्हणजे ठरलं कधीच होतं, सांगायला तेवढा तो आत्ता आला होता.

"पाच संगीतकार, पाच मानवंदना," थीआ म्हणाली. "एकट्या बेसवर. तीन वर्षं लिहीत होते मी. त्यातले चौघे गेलेले, एकटी नेरिडा जिवंत. आणि तू नेमकी तीच गाळलीस?"

"रेडिओची वेळ, थीआ. आणि खरं सांगू? त्या चौघांना लोक ओळखतात. नेरिडा कॉसग्रोव्ह कोणाला माहीत आहे?"

"कशी असणार माहीत? कधी वाजू दिलंत तिचं काही?"

"अगं, पुढच्या वर्षी ठेवू की."

"चौऱ्याऐंशीची आहे ती, मेल्या! तिला पुढच्या वर्षीचं गाजर दाखवतोस? बाहेर तिसऱ्या रांगेत बसलीय. लॉन्सेस्टनहून बसने आलीय, मी बोलावलं म्हणून. आता कोणतं तोंड दाखवू तिला?"

लॉकलनने खांदे उडवले. माणूस तसा वाईट नाही, असं सगळे म्हणतात. डोंबलाचं वाईट नाही! नेरिडाबाईंना आयुष्यभर पुढच्या वर्षावर ढकललं ते असल्याच चांगल्या माणसांनी.

"शिवाय हा तुकडा रेडिओवर चालायचाच नाही," तो म्हणाला. "जाड तार सैल करत करत वाजवायची. थांबायचं, पुन्हा सैल करायची. ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई अजून तारच लावतेय."

थीआच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच! अगदी हेच! चाळीस वर्षांपूर्वी नेरिडाबाईंनी तार उतरवत वाजवायची रचना लिहिली, तेव्हा हेच म्हणून वादकांनी त्यांची वही परत पाठवली होती. हे संगीत नव्हे, हे तार लावणं. पुढे तीच युक्ती त्या चौघांपैकी एकाने उचलली, आणि त्याचं केवढं नाव झालं. आज शेवटचा तुकडा त्याच्याच नावाचा होता.

ती ओरडायला गेली आणि थांबली.

"त्या शेवटच्या तुकड्याआधी मला खरोखरच तार उतरवावी लागते," ती म्हणाली. "तेवढा वेळ धरलायस ना?"

"तीन मिनिटं. निवेदिकेलाही सांगून ठेवलंय, तेव्हा एक शब्द बोलायचा नाही. तुला सूर ऐकू यायला हवा ना."

"मध्ये मला कोणी टोकायचं नाही."

"तार लावताना कोण कशाला टोकेल?" लॉकलन म्हणाला. बला टळली म्हणून तो खूश झाला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

पहिले तीन तुकडे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत नेरिडाबाई मांडीवरची पिशवी धरून बसल्या होत्या. छापील कागदात नाव नाही हे त्यांनी पाहिलं होतं. कागदाची घडी घालून त्यांनी तो पिशवीत सारला होता.

थीआने डावा हात वर नेऊन खुंटी धरली आणि जाड तारेवर गज टेकवला.

सूर उतरायला लागला. सगळं सभागृह सैलावलं. खोकले राखून ठेवले होते ते बाहेर आले. कोणीतरी गोळीचा कागद चुरचुरत सोडला. मागे दोघे फुटबॉलवर बोलायला लागले. दाराशी लॉकलनने घड्याळ पाहून मान डोलावली. आवाज इतका खाली गेला की पायाखालच्या फळ्या थरथरल्या, पण एकालाही पत्ता नाही. बहिरे मेले!

दुसऱ्यांदा तार उतरली तेव्हा नेरिडाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या ताठ बसल्या. मग शेवटपर्यंत त्या हलल्या नाहीत.

तीन मिनिटं भरली. थीआने गज उचलला. तार लावून झाल्यावर कोणी वाकून नमस्कार करत नाही. ती तिसऱ्या रांगेकडे वळून कमरेतून वाकली.

पुढच्या बाकाला धरून नेरिडाबाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. एकट्याच.

शेजारच्या मुलीने त्यांची बाही ओढली. "आजी, बसा ना खाली. अजून सुरू नाही झालं. त्या तार लावतायत."

नेरिडाबाईंचे हात थांबले नाहीत.

"झालं की गं संपून," त्या म्हणाल्या. "तू होतीस कुठे?"