आइस्क्रीमच्या गाड्या

"अडचणीच्या वेळी तुम्ही स्वतः पुढाकार घेतलात, असा एक प्रसंग सांगा," दादा म्हणाला आणि भुवया उंचावून परीक्षकासारखा रुबाबात बसला.

धाकटीला हसू आलं नाही. ऑफिसात वयाने सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी, आणि गोदामाचा सगळा कारभार सांभाळून वर कुणाच्याही मदतीला धावतो म्हणून तो दादा. दोघंही यंदा एकाच बिझनेस स्कूलला अर्ज करणार होती. जेवणाच्या सुट्टीत मीटिंगच्या खोलीत बसून आळीपाळीने एकमेकांची मुलाखत घ्यायची, ही कल्पना दादाचीच. "आधी तू," तो म्हणाला होता. "मी म्हातारा माणूस, मला सूर लागायला वेळ लागतो."

तिचा अर्ज काल गेला होता. त्याचा अजून जायचा होता.

खरं तर त्याने तिला थांबायला सांगितलं होतं. "नोकरीला लागून अजून दोन वर्षंही झाली नाहीत तुला. पुढच्या वर्षी नवं गोदाम तुझ्या हातात येईल. ते चालवून दाखव, मग जा. सांगायला स्वतःचं काहीतरी हवं ना." बोलणं तिला पटलंही होतं. पण हाच दादा दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत आला होता. आधी कामाची घाई, मग आईचं आजारपण, मग बाळ. आता त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. थांबलो तर आपलाही दादा होईल, या धास्तीने तिने अर्ज उरकला. स्वतःचं लिहिण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा जे हाताशी होतं ते लिहून टाकलं.

"बोला मॅडम," दादा म्हणाला. "परीक्षकांना दुसरी कामं आहेत."

दुसराच एखादा प्रसंग सांगावा, असं तिच्या मनात आलं. पण दुसरा असता तर अर्जातच नसता का लिहिला? आणि मुलाखतीत विचारणार ते अर्जातलंच. तिने टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत सुरुवात केली.

"आमची कंपनी औषधं पोचवते. एकदा सुट्टीच्या दिवशी आमच्या कोल्ड रूमचं मशीन बंद पडलं. आत लहान मुलांच्या लशी होत्या. मेकॅनिक संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. तेव्हा मी..." ती अडखळली. "तेव्हा मी शेजारच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात गेले. मालकाला गळ घातली, त्यांच्या दोन गाड्या रिकाम्या करून घेतल्या आणि सगळ्या लशी तिकडे हलवल्या. एकही बाटली वाया गेली नाही."

रुबाबासाठी उंचावलेल्या दादाच्या भुवया हळूहळू खाली आल्या.

त्या दिवशी आइस्क्रीमवाल्याकडे धावला होता तो दादा; त्याच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं त्याने. धाकटी वरच्या मजल्यावर दवाखान्यांचे फोन घेत बसली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो चिडला असता, चार शब्द सुनावले असते, तर रडून तरी मोकळं होता आलं असतं. त्याने बाटली उचलली, पाण्याचा घोट घेतला आणि बाटली पुन्हा जागेवर ठेवली.

"इथे ते तुला पकडतील," तो म्हणाला. "आइस्क्रीमच्या गाडीत कडाक्याची थंडी असते. मग लशी गोठल्या कशा नाहीत?"

गोठलेली लस फेकून द्यावी लागते, हे तिलाही चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी ते कसं टळलं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"आधी गाड्यांची मशीनं बंद केली," दादा सांगू लागला. "दारं सताड उघडी टाकली. मग तापमानाचा काटा वर यायची वाट बघत उन्हात उभं राहायचं. इकडे कोल्ड रूममध्ये लस तापायला लागलेली, तिकडे गाडी अजून बर्फासारखी. लवकर चढवली तरी गेली, उशीर केला तरी गेली. तेवढा वेळ फार जड गेला." तो थांबला. "वेळ जड गेला, हे सांग. मग खरं वाटेल."

"दादा, मी..."

"आणि कल्पना कुणाची, असंही विचारतील. तयारीत राहा."

बाहेर मंडळी जेवून जागेवर परतू लागली होती. धाकटी उठली आणि खुर्ची त्याच्यासाठी मोकळी करून म्हणाली, "आता तुमची पाळी."

दादा जागचा हलला नाही. "माझं राहू दे. एकाच कंपनीतली दोन माणसं आणि दोघांची एकच गोष्ट. वाचणारे म्हणतील, यांतलं एक कुणीतरी थापा मारतंय. आणि तुझी आधी पोचली आहे." तो नेहमीसारखा हसला. "पुढच्या वर्षी बघू."

'मी अर्ज मागे घेते.' एवढंच वाक्य तिच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दादाही जरासा थांबला, जणू तिला वेळ देत होता.

ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली.

दादाने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि भुवया उंचावल्या.

"चल, पहिल्यापासून," तो म्हणाला. "आणि या वेळी बाटलीकडे नको. माझ्याकडे बघून सांग."