एलोदीनं शिवलेला हात

"हा आकडा चालणार नाही," पंच म्हणाले. "धनुष्याची दोरी बोटांनी ओढायची असते."

रेमीच्या उजव्या हाताला तीन बोटं नव्हती. दोन वर्षांपूर्वी, महायुद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात, ती बेल्जियममधल्या इझेर नदीकाठच्या खंदकात राहिली. आता मनगटाला कातडी पट्टा होता आणि पट्ट्याला लोखंडी आकडा. लिंडेके गावाच्या संघातल्या पाच जणांचे बाण मारून झाले होते. रेमी सहावा, शेवटचा. जिंकायला चार गुण हवे होते, म्हणजे मधलं काळं वर्तुळच.

लिंडेकेचा कप्तान कामील लालबुंद झाला. "मग काय, बोटं जर्मनांकडून मागून आणू?"

लोक हसले. रेमीनं धनुष्य खाली टेकवलं.

"समोरच्या ओस्टवेल्डे गावाची हरकत असेल, तर हा बाद," पंचांनी निकाल दिला.

ओस्टवेल्डेचा कप्तान तेओफील, सत्तरीचा लोहार, बाकावरून सावकाश उठला. रेमीचा हात हातात घेऊन त्यानं पट्टा उलटसुलट करून पाहिला. टाके बारीक होते, दुहेरी.

"कुणी शिवलं रे?"

"बायकोनं."

"किती दिवस लागले?"

"अख्खा हिवाळा, काका. चारदा उसवला तिनं."

तेओफीलनं हात हळूच सोडला. "पंचसाहेब, हा त्याचाच हात आहे. मारू द्या." मग रेमीकडे वळून म्हणाला, "पण चुकव हं लेका. बारा वर्षं झाली, आम्ही जिंकलेलो नाही."

एलोदी बिअरच्या तंबूमागे उभी होती, मैदानाकडे पाठ करून. तिला दोरी सुटल्याचा आवाज आला. मग ओस्टवेल्डेवाल्यांचा जल्लोष.

रेमी तिला शोधत आला.

"दोनच मिळाले."

"म्हणजे हरलात?"

"हरलो की! कामील वाऱ्याला शिव्या घालतोय." तो हसत होता. पट्ट्याखालून रक्ताचा एक बारीक ओघळ मनगटावर आला होता.

"दुखतंय?"

गेली दोन वर्षं ती हे रोज विचारायची आणि रोज तो 'छे' म्हणायचा.

रेमी शेजारच्या रिकाम्या पिंपावर बसला.

"हो," तो म्हणाला. "फार दुखतं गं."

आणि त्यानं हात तिच्यापुढे धरला.