पाच वेढे

"खिशात भिजेल तो. इकडे दे," म्हणत मी नेत्राचा, माझ्या लेकीचा, दम्याचा पंप औषधांच्या पारदर्शक डब्यात ठेवला. बँडेज, मलम, कात्री, सगळं यादीप्रमाणे भरलं आणि झाकणाभोवती चिकटपट्टीचे पाच वेढे दिले.

"बाबा, कयाकमधून जातोय की पाणबुडीतून?" ती हसली.

"समुद्र आहे. थेंबभर पाणी आत जाता कामा नये."

किनारा मागे पडला आणि वारा फिरला. तासभर वल्ही मारूनही आमची कयाक जागची हलेना. मग पुढे बसलेल्या नेत्राचं वल्हं थांबलं आणि तिच्या छातीतली शिट्टी मला मागे ऐकू आली.

मी डबा मांडीवर घेतला. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांना पट्टीचं टोक सापडेना. दातांनी ओढलं, वल्ह्याने ठोकलं. पण डबाही मीच निवडलेला, चांगला दणकट.

नेत्राने मान वळवली. तिचे ओठ निळे पडले होते. "बाबा... कात्रीने... काप."

पंपाशेजारी ठेवलेली कात्री बाहेरून स्वच्छ दिसत होती. डब्यात पाण्याचा थेंबही गेला नव्हता.