शंखातला खेकडा

मुलांनो, कल्पना करा, रत्नागिरीच्या एका मत्स्यालयात तुम्ही काचेला नाक लावून उभे आहात. शेजारी आठ वर्षांची तन्मयी माशांना खाऊ घालणाऱ्या मामांना आपला शंख दाखवते आहे. सकाळी किनाऱ्यावर सापडलेला, आणि दुपारपर्यंत हॉटेलच्या गॅलरीत उन्हात वाळवलेला.

मामांनी शंख उलटा केला. "बाय, रिकामा न्हाय हा. आत खेकडा ऱ्हातो."

"मग तो जिवंत आहे ना?"

"दर्याच्या पाण्यात ठेवून बघ. पाय बाहेर काढलान तर आहे."

तन्मयी बाबांना ओढतच किनाऱ्यावर घेऊन आली. डॉल्फिन दाखवणारी शेवटची होडी समोरच भरत होती. त्या होडीसाठी तिने महिनाभर हट्ट धरला होता.

"शंख ठेव तिथेच आणि चल," बाबा म्हणाले. "होडी आपल्यासाठी थांबायची नाही. उद्या सकाळी गाडी आहे आपली."

तिने शंख उथळ पाण्यात ठेवला. एक लाट आली, दुसरी आली. काहीच हललं नाही.

होडीचा भोंगा वाजला, तरी तिने मान वर केली नाही. वाहून जाऊ नये म्हणून शंखाभोवती दोन्ही हातांचं आळं करून ती पाण्यातच बसली.